गाडी दाबून पाहणारे भाऊजी

माणसं भेटली की एकमेकांना नमस्कार करतात. आमचे भाऊजी आधी गाडीला भेटायचे. दोन्ही तळवे बॉनेटवर ठेवून अंगाचा भार टाकायचे, सोडायचे आणि ती किती वेळा डुलते ते बघायचे. "एकदा खाली, एकदा वर, अन् गप. दुसऱ्यांदा हलली की शॉकअप गेला समजा." माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी नवरदेवाची सजवलेली गाडी अशी दाबली, की झेंडूची अर्धी माळ खाली आणि नवरदेवाचे मामा धावत अंगावर! "कोण हो तुम्ही?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "पुढचा डावा बदलून घ्या. नवरीला सासरपर्यंत हादरे बसतील."

सख्खे भाऊजी नव्हेत बरं का. थेरगावात आमच्या समोरच्या खोलीत राहायचे, मूळचे लातूरकडचे. चाकणच्या एका कंपनीत शॉकअप जोडण्यात त्यांचा उभा जन्म गेला.

माझ्या लेकीनं, रूपालीनं, हौसेनं एक चपळ गाडी घेतली. तिला ती शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायची होती, म्हणून कॉइलओव्हर बसवायचे होते. मला आधी तो खायचा पदार्थ वाटला. तर ती स्प्रिंग आणि शॉकअपची एकत्र जोडी. उंची आणि कडकपणा आपल्या हातानं कमीजास्त करता येतो. पण घरात गाडी एकच, आणि माझं मणक्याचं दुखणं तेव्हा नवीन. आठवड्यातून दोनदा त्याच गाडीतून व्यायामाच्या डॉक्टरांकडे. एक दिवस रूपाली म्हणाली, "राहू दे आई, ट्रॅक सोडते मी." हसत म्हणाली, पण ते हसू उसनं होतं. मी भाऊजींना गाठलं.

त्यांनी तिनं मोबाइलवर निवडलेला संच पाहिला. सगळ्यात बुटका, सगळ्यात कडक, लालभडक.

"ट्रॅकला किती दिवस जाणार?"

"वर्षातून चार."

"अन् इथल्या डांगे चौकातल्या खड्ड्यांतून?"

"रोज."

"मग चार दिवसांसाठी आईला तीनशे एकसष्ट दिवस उडवती व्हय?"

त्यांनी मध्यम स्प्रिंगचा संच निवडला. अटी दोनच: कडकपणाची कळ बॉनेट आणि डिकीतून हाताला यावी, आणि बिघडला तर उघडून दुरुस्त करणारा इथंच कुणी असावा. "लाल रंगाला काय चाटायचंय?"

उंची बसवताना त्यांनी माझं वजन विचारलं, मागं मीच बसणार म्हणून. आता चार माणसांत कसं सांगायचं? म्हटलं, अठ्ठावन्न. पहिल्याच गतिरोधकावर मागचं चाक वरच्या पत्र्याला खर्रकन घासलं. भाऊजी उतरले, चाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वहिनी, स्प्रिंग काय खोटं बोलत न्हाई."

"बरं, सत्तर धरा."

त्यांनी मान खाली घालून स्प्रिंगखालची उंचीची कडी फिरवली. रूपालीनं मागाहून सांगितलं, त्यांनी चौऱ्याहत्तर धरले होते.

मग भाऊजी रिटायर होऊन गावी निघाले. जाताना रूपालीला बजावलं, "ट्रॅकवर कळ आवळायची. आई बसायच्या आधी मोजून सैल करायची. इसरलीस तर लातूरहून उठून यीन." ट्रॅकचा दिवस उजाडण्याआधीच त्यांच्या पुतण्याचा फोन आला. झोपेतच गेले.

ट्रॅकवर रूपाली शेवटून दुसरी आली. घामाघूम पोरगी, हेल्मेटसुद्धा न काढता बॉनेट उघडून वाकली आणि कळ सैल करत टिक टिक मोजायला लागली. मी म्हटलं, "अगं, आधी पाणी तरी पी." मोजणी चुकेल म्हणून तिनं बोट वर करून मला गप्प केलं. पुढचे झाले, मागचे झाले. डिकी लावून तिनं माझ्यासाठी मागचं दार उघडलं.

"हं, बस आता."