मुखपृष्ठावरचा जवान

मला एका जागी बसवत नाही. पुस्तक छापायला जाण्याआधीच्या दिवसांत तर माझ्या वाटेला कुणी जाऊ नये. पुन्हा पुन्हा मुद्रितं वाचते, मध्येच उठून चहा ठेवते, तो उतू जातो, आणि मग घरातल्या माणसांवर ओरडते. या वेळचं पुस्तक होतं एकाहत्तरच्या युद्धात लढलेल्या आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या सैनिकांचं. चार वर्षं गावोगाव हिंडून लिहिलेलं. जिथे जाईन तिथे आधी एकच प्रश्न यायचा, तुमच्या घरी कोणी फौजेत होतं का? नव्हतं. माझा नवरा दिवाळीत फटाक्यांना घाबरून घरात बसतो. पण मला लहानपणापासून युद्धाचं वेड, आणि हे वेड बाईमाणसाला कसं लागलं याचा खुलासा करत बसायचा मला कंटाळा येतो.

मुखपृष्ठ आलं तेव्हा मीही खूश झाले होते. त्यावर एका तरुण जवानाचा चेहरा होता. सरळ नजर, बारीक मिशी, डोक्यावर टोपी. हिंगणीचा मुलगा, त्या लढाईतून परत न आलेला. त्याच्या धाकट्या भावाच्या घरी भिंतीवर हार घातलेला फोटो होता, त्याचा मी मोबाइलवर फोटो काढून आणला होता. नागपूरच्या माझ्या प्रकाशकाला तो इतका आवडला की त्यानं बाकीची सगळी चित्रं बाजूला ठेवली. या डोळ्यांवर पुस्तक विकलं जाईल, असं तो म्हणाला. सव्वीस जानेवारीच्या आत पुस्तक बाजारात यायला हवं होतं आणि त्याची घाई चालली होती.

माझी एक सवय आहे. ज्याचा फोटो छापायचा त्याच्या घरी छापण्याआधी जाऊन दाखवून यायचं. प्रकाशक या सवयीवर हसतो. मी मुखपृष्ठाचा नमुना घेतला आणि हिंगणीला गेले.

त्या जवानाचा हा धाकटा भाऊ, मी त्यांना काका म्हणते, आता सत्तरीचे. दोन एकर वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि बाजाराच्या दिवशी सेलूला जाऊन विकायचं, हे त्यांचं आयुष्य. मी गेले तेव्हा अंगणात वांगी निवडत होते. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला, आणि मग उलटा करून वांग्यांच्या क्रेटवर ठेवला. मला वाटलं भरून आलं असेल. 

“हा माह्या भाऊ नाई, ताई,” ते म्हणाले. “हा मी आहो.”

मला कळेचना. मग त्यांनी वांगी निवडता निवडताच सांगितलं. भाऊ गेल्याची तार आली तेव्हा घरात त्याचा एकही फोटो नव्हता. कोण काढणार होतं त्या काळी? भरतीच्या वेळी निघालेला फोटो फौजेकडेच राहिला, आणि तो मागावा कसा, कोणाकडे, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आई जेवेना. डोळे मिटले की पोरगा दिसत नाही म्हणायची. शेवटी बापानं वर्ध्याच्या एका फोटोवाल्याला गाठलं. त्यानं विचारलं, घरात दुसरा मुलगा आहे का? होता, सतरा वर्षांचा. त्याला स्टुलावर बसवून फोटो काढला, मग ब्रशनं त्यावर वर्दी चढवली, टोपी रंगवली, मिशीही रंगवली, कारण याला अजून मिशी फुटलेली नव्हती. तेव्हा असं खूप घरांत व्हायचं म्हणे. चार वर्षं मी सैनिकांच्या घरात फिरत होते, किती भिंतींवरच्या फोटोंपुढे हात जोडून उभी राहिले होते, आणि मला हे माहीत नव्हतं.

आई त्या फोटोशी बोलायची. सुरुवातीला तिला माहीत होतं तो कुणाचा ते, पुढे पुढे विसरली. काकांचं लग्न झालं तेव्हा नव्या नवरीनं घरात येऊन आधी त्या फोटोच्या पाया पडायचं ठरलं, आणि ती पडली. दर सव्वीस जानेवारीला शाळेतून निरोप येतो, फोटो पाठवा. मग काका स्वतः तो टॉवेलात गुंडाळून मोटरसायकलवर मागे बसून नेतात, झेंड्याजवळच्या खुर्चीवर ठेवतात, सरपंच त्याला हार घालतात, आणि काका समोर बसून टाळ्या वाजवतात. हे सांगताना ते हसले आणि मीही हसले. मग लगेच मला स्वतःचा राग आला.

मी विचारलं, इतकी वर्षं बोलला नाहीत, मग आताच का? त्यांनी छातीवर हात ठेवून दाखवला. सावंगीच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या होत्या.

“मी गेलो का पोरं माह्या फोटो लावतीन त्याच्या बाजूले,” ते म्हणाले. “दोन्ही फोटो माह्येच. मंग तो कुठं गेला, ताई? तुमी लिहिता ना. तो कसा दिसे थे लिहा.”

मी वही काढली. हे मला जमण्यासारखं होतं. त्यांनी डोळे बारीक केले आणि सांगायला लागले. कपाळ रुंद होतं. भुवया दाट. नजर अशी सरळ. मिशी बारीक, टोकाला जरा वर वळलेली. मी भराभरा लिहून घेत होते आणि एकदम माझा हात थांबला. मी वर पाहिलं तर काकाही थांबले होते. उघड्या दारातून आतली भिंत दिसत होती, तिच्यावरचा फोटो दिसत होता. मिशी तर फोटोवाल्यानं ब्रशनं रंगवलेली होती.

मग त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, तो वांग्याला पाणी द्यायचा तेव्हाचा, बैल धुवायचा तेव्हाचा. सगळ्या आठवणी होत्या, पण प्रत्येक आठवणीत चेहरा फोटोतलाच येत होता, म्हणजे त्यांचा स्वतःचा. पन्नासच्या वर वर्षं रोज त्या भिंतीकडे पाहून जेवलेला माणूस, त्याला दुसरा चेहरा येणार कुठून? मी निघाले तेव्हा ते फाटकापर्यंत आले नाहीत. एरवी पिशवीभर भाजी गाडीत टाकल्याशिवाय सोडत नाहीत.

घरी आले तर प्रकाशकाचा फोन. मुखपृष्ठ छपाईला सोडू का? मी म्हटलं, नको. का नको ते सांगितलं. तो समजूतदारपणे ऐकून घेतो आणि मग आपलंच म्हणतो, ही त्याची जुनी खोड. म्हणाला, घरच्यांनी मानलेला फोटो आहे, गावानं मानलेला आहे, चेहरा कोणाचा हे कोणाला कळणार? मी म्हटलं, मला कळलं ना. तो म्हणाला, चेहऱ्याशिवाय युद्धाचं पुस्तक कोणी हातात घेत नाही. मी फोन आपटला. मग अर्ध्या तासानं पुन्हा मीच केला आणि थोडे दिवस मागून घेतले.

पलटणीच्या कचेरीला मी आधीच लिहिलेलं होतं. नाव, गाव, नंबर मिळाला होता, फोटो मिळाला नव्हता. मी घरभर येरझारा घालत होते, जुन्या मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकत होते, झोपेतही त्याच गोष्टी चालू. नवरा म्हणाला, एका माणसाचा चेहरा नाही मिळाला तर पुस्तक अडत नाही. खरं होतं. पण त्या माणसानं माझ्याकडे दुसरं काही मागितलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी एका रेकॉर्डिंगमध्ये कारंज्याच्या एका निवृत्त हवालदारांचा आवाज आला. मी त्यांच्याशी फोनवरच बोलले होते, लढाईबद्दल. ओघात ते म्हणून गेले होते, आमच्या सेक्शनमध्ये हिंगणीचा एक होता. मी तेव्हा त्यावर दुसरा प्रश्न विचारून पुढे गेले होते. गोळीबार कुठून आला हे मला महत्त्वाचं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी काकांना गाडीत घातलं. त्यांनी फोटो टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला होता, शेजारी हवालदारांसाठी वांग्यांची पिशवी. रस्ताभर ते विचारत होते, त्यांना आठवत असेल का, नसेल आठवत तर काय. मी म्हटलं, काका, मलाही तेच वाटतंय, जरा गप्प बसा. मग त्यांच्या गप्प बसण्यानंच जीव घाबरा व्हायला लागला.

हवालदारांच्या मुलाचा हायवेवर ढाबा आहे. मागच्या बाजूला, ट्रक धुतात तिथे, बाजेवर ते बसलेले होते. ऐकू कमी येतं, पण ताठ. काकांनी नमस्कार करून फोटो पुढे केला. हवालदारांनी चष्मा लावला आणि मन लावून पाहिला.

“हा तो नाई,” ते म्हणाले. “कोन आहे हा?”

मी त्यांना सगळं सांगितलं, ट्रकच्या आवाजावर आवाज चढवून. ते मान हलवत राहिले. मग त्यांनी काकांकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, तू तर त्याच्यासारखा अजिबात नाहीस. काकांनी मान खाली घातली, जसं काही त्यांची चूक होती.

“त्याचा उजवा कान पुढं होता,” हवालदार म्हणाले. “हेल्मेट घातलं का दुमडे, मंग लय शिव्या घाले. अन् हासला का तोंडावर हात. पुढचे दात एकावर एक चढले होते ना, लाज वाटे त्याले.”

काका तसेच बसून होते. मग त्यांचा उजवा हात हळूहळू वर गेला आणि तोंडासमोर आला, बोटं जुळलेली, तळवा ओठांपासून जरा दूर. “असा,” ते म्हणाले. “माय मारे त्याले. बाईसारखा काऊन हासतं म्हने.” हवालदार म्हणाले, असाच. दोघं म्हातारे समोरासमोर तोंडावर हात धरून बसले होते. वेटरनं चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

त्यापुढे फारसं काही निघालं नाही. डोळे कसे होते, रंग किती, हे हवालदारांना सांगता येईना आणि त्यांनी उगाच काही बनवून सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. परतताना मी काकांना विचारलं, आता दिसतो का?

“नाई. तोंड नाई दिसत, ताई. हात दिसते.”

मी गाडी कडेला घेतली आणि रडले. काका शेजारी बसून खिडकीबाहेरच्या संत्र्यांच्या बागा पाहत राहिले.

प्रकाशकाशी शेवटचं भांडण झालं ते मी जिंकले, कारण मी पुस्तकच मागे घेते म्हटलं. मुखपृष्ठावर आता नुसती अक्षरं आहेत, गडद मातकट रंगावर, आणि तो अजूनही म्हणतो की पुस्तक त्यामुळे पडून आहे. असेल. आत प्रत्येक सैनिकाला एक पान आहे, वर फोटो आणि खाली माहिती. हिंगणीच्या पानावर फोटोच्या जागी रिकामी चौकट ठेवली. खालच्या तीन ओळींसाठी मी इतके कागद फाडले की पूर्ण प्रकरणाला फाडले नसतील. शेवटी एवढंच राहिलं: ‘याचा फोटो उपलब्ध नाही. उजवा कान थोडा पुढे आलेला होता. हसताना हा तोंडावर हात धरायचा.’

छापून झाल्यावर एक प्रत मी काकांकडे पाठवली. स्वतः जायला फेब्रुवारी उजाडला. काका भाजीच्या वाडीत होते. सुनेनं पाणी दिलं, पुस्तक आम्ही सगळ्यांनी वाचलं म्हणाली, आणि ते माझ्या हातात दिलं. ते उघडलं ते नेमकं त्याच जागी. पान नव्हतं. ब्लेडनं शिवणीजवळ कापलेलं होतं. माझं डोकंच फिरलं. पुस्तकाचं पान कुणी दुमडलं तरी मी अंगावर जाते, आणि इथे तर कापलेलं. सुनेला काही बोलणार तेवढ्यात मी भिंतीकडे पाहिलं.

आता दोन चौकटी होत्या. एकीत तो फोटो, वर्दीतला, मिशीवाला, त्याच्यावर हार नव्हता. दुसरीत काचेमागे ते पान, रिकामी चौकट आणि खाली माझ्या तीन ओळी, आणि त्यावर झेंडूचा ताजा हार. हार जरा मोठा झाला होता, तिसरी ओळ झाकली जात होती. मी उठून तो थोडा वर सरकवला.

काका हात धुऊन आत आले. सव्वीस जानेवारीला शाळेत हीच फ्रेम नेली, म्हणाले. मास्तरांनी विचारलं, फोटो कुठे आहे? काकांनी सांगितलं, हाच. मग मास्तरांनी त्या तीन ओळी माइकवरून वाचून दाखवल्या आणि सरपंचांनी चौकटीला हार घातला. मी जुन्या फोटोकडे बोट दाखवलं. तो आता माझा आहे, ते म्हणाले, त्याच्या हाराला अजून वेळ आहे.

मी निघाले तेव्हा या वेळी फाटकापर्यंत आले. भाजीची पिशवी गाडीत ठेवली, आणि सुनेकडून ते पुस्तक मागवून माझ्या हातात परत दिलं.

“दुसरं पाठवजा, ताई,” ते म्हणाले. “याच्यात तो नाई आता.”