यॉर्कच्या तटावरची सुपारी

आयर्लंडमधल्या कॉर्कच्या आमच्या औषध कारखान्यातले नागपूरचे काका जोडून सुट्टी आली की इंग्लंडला जातात. बाथ, चेस्टर, कँटरबरी, नेहमी एकटेच. "कसं होतं?" विचारलं, तर इथल्या आयरिश लोकांसारखं "ग्रँड", म्हणजे मस्त, म्हणून मोकळे.

यंदा यॉर्कला मीही चिकटलो. चालताना ते डावीकडे एका माणसाची जागा सोडत. मी तिथे शिरलो की थांबत. मला रागच यायचा.

शहराभोवतीच्या जुन्या तटावर त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि कंबरेला खोचलेली सुपारी काढून शेजारच्या दगडावर ठेवली. बायको गेलेला माणूस पूजेला बसताना तिच्या जागी खोचतो, तशी.

"तिला पाहायचं होतं ना हे सगळं. दोघंही आलो पाहिजे बरं फोटोत."

सुपारी दिसावी म्हणून मी इतका जवळ गेलो, की फोटोत यॉर्क उरलंच नाही.