रेडिओने आणलेल्या बायका

शाळेतली पगाराची नोकरी सोडून मास्तरीणबाईंनी मोबाइलवर विणकामाचा वर्ग काढला, तेव्हा नवरा हसला. "आता पडद्यातून हात धरून शिकवणार वाटतं!"

पण देव पाठीशी होता म्हणायचं. जाहिरात न करता वर्ग वाढला, तो एकीने दुसरीला सांगून. नियमच होता तसा: वर्गातल्या कुणाची ओळख असेल तरच प्रवेश. परकी कुणी नसली की बायका मोकळ्या बोलतात.

सगळ्यात जास्त बायका आणल्या पोस्टातल्या बाईने. तिचं तोंड सदा चालू, म्हणून सगळ्या तिला रेडिओ म्हणत. तिची बहीण, विहीण, ऑफिसातल्या मैत्रिणी, त्यांच्या जावा. मास्तरीणबाईंची नणंद सोडली तर सगळा वर्ग तिच्याच ओळखीचा.

एका दुपारी रेडिओने नातवाचा स्वेटर कॅमेऱ्यापुढे धरला. मास्तरीणबाई सवयीने बोलून गेल्या, "अगं बाई, ही बाही माकडाला तरी होईल का? उसव सगळी!"

सगळ्या खदखदून हसल्या. रेडिओ हसली नाही.

संध्याकाळी तिने वर्ग सोडला. पाठोपाठ विहिणीने. मग कुणाकडे पाहुणे आले, कुणाचे डोळे दुखायला लागले. जी जिच्या ओळखीने आली होती, ती तिच्या मागोमाग गेली.

मास्तरीणबाईंनी मान खाली घालून फोन लावला. "चुकलं माझं. चारचौघींत बोलायला नको होतं."

"अहो ताई, राग कसला! तुम्ही तर गुरू."

"मग या ना परत."

"बघू हं. सध्या आम्ही आमच्या आमच्यातच विणतो. फी नाही, काही नाही." मागून विहिणीचं हसू ऐकू आलं.

या खेपेला नवऱ्याने थट्टा केली नाही. हळूच विचारलं, "शाळेतली जागा?"

"भरली."

मास्तरीणबाई देवापुढे बसल्या, पण मागायचं काय ते सुचेना. बायका परत आण म्हणावं, तर त्या देवाने थोड्याच नेल्या होत्या!

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला त्यांनी मोबाइल उशीला टेकवून उभा केला. पडद्यावर एकटी नणंद.

"वहिनी, मी आहे हो!"

"सुया घेतल्यात ना हातात?"

"नाही बाई, भाजी निवडतेय. तुम्ही शिकवा, मी ऐकते."

मास्तरीणबाईंनी घसा साफ केला आणि गळ्याचे टाके कसे कमी करायचे ते सांगायला लागल्या. नणंदेने भाजी निवडून झाल्यावर फोन ठेवला. टाके अजून अर्धेच झाले होते.