पुंगळीत डोकावणारी

त्या डच म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपच्या घरात लॅपटॉपसमोर बसून डोकं उठायचं, म्हणून लॉकडाऊन सैल झाल्यावर मी शनिवारी नेमबाजीच्या क्लबात जायला लागलो. तिथे तो कोपऱ्यातल्या टेबलावर आपल्या पिस्तुलाची काडतुसं स्वतः भरत बसलेला असायचा. रिकामी पुंगळी उजेडात धरायची, मास्क खाली ओढून फुंकर मारायची, मग मोजून बंदुकीची दारू घालायची.

त्या दिवशी दारूचा डबा नवा होता आणि त्याचे नेम चुकत होते.

"जुनी का सोडलीत?" मी विचारलं.

"ती नेमाला पक्की होती. पण तळाला चिमूटभरच लागायची. चुकून दोनदा घातली तरी दिसत नाही, आणि पिस्तूल हातात फुटतं. ही फुगीर आहे. दोनदा घातली की बाहेर सांडते."

"इतकी वर्षं कुठे चुकलात?"

"इतकी वर्षं बायको शेजारी बसायची. प्रत्येक पुंगळीत डोकावून म्हणायची, झालं."

ती कोविडमध्ये गेली. हॉस्पिटलने त्याला आत सोडलं नव्हतं.

मला राहवलं नाही. "मी बघू का?"

त्याने आमच्यामधली, दीड मीटर अंतर राखायची जमिनीवरची पिवळी पट्टी पाहिली. "तिथून आतलं दिसत नाही."

मग त्याने पुढच्या पुंगळीत दारू घातली आणि ती तशीच हातात धरून थांबला. कुणीच 'झालं' म्हणालं नाही. त्याने पुंगळी पालथी केली आणि पुन्हा भरायला घेतली.