बाभळीच्या वाटेवरची जीप

असोद्याच्या तोताराम नानांनी सारी उमर एसटी चालवली. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी जीप घेतली. चारही चाकांना जोर असलेली, गडद हिरवी. सातपुड्यातल्या आडवाटा तिच्यातून पालथ्या घालायच्या, असं जुनं स्वप्न होतं. पण गाडी दारात आली आणि नानांचा स्वभावच पालटला. शेजाऱ्याची मोटारसायकल जवळून गेली तरी जीव वरखाली व्हायचा. सकाळ-संध्याकाळ फडकं मारायचं, आणि न्यायची कुठे, तर जळगावपर्यंत. तीही चांगल्या रस्त्याने.

नानांच्या बायकोचं, जमनाबाईंचं, माहेर शिरपूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. डांबरी संपली की गावापर्यंत कच्ची वाट, आणि दोन्ही बाजूंनी वेड्या बाभळी इतक्या झुकलेल्या की बैलगाडीनेही अंग चोरावं. दिवाळीनंतर दोघं तिकडे गेली, तेव्हा नानांनी जीप डांबरीवरच उभी केली आणि दोघं गावापर्यंत पायी गेली. परतताना जमनाबाईंच्या आई, धनाबाई, नको नको म्हणताना लेकीला गाडीपर्यंत पोचवायला निघाल्या. मोतीबिंदूने त्यांना धड दिसत नव्हतं. ठेच लागून त्या पडल्या, गुडघा फुटला.

शिरपूर आलं तेव्हा जमनाबाई एवढंच म्हणाल्या, "तुमनी गाडी नुसती दखाले शे. मनी मायना कामनी नई."

गाडी नुसती दाखवायला, आपल्या आईच्या कामाची नाही, हे बायकोचं बोलणं नानांना फार लागलं. पुढे मेहुणा सुकलालचा फोन आला, धनाबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख धुळ्याला ठरली म्हणून. त्याच आठवड्यात नाना जळगावला, मेहरूणमध्ये चांदभाईंच्या दुकानात गेले. चांदभाई गाड्यांच्या रंगाचं काम करायचे.

"मला ते सिरॅमिक कोटिंग करायचंय," नाना म्हणाले. "आरशासारखं चमकतं ते."

"गाडी कुठे फिरते, नाना?"

"अजून कुठेच नाही. आता बाभळीतून न्यायचीय."

चांदभाई हसले. "मग सिरॅमिक कशाला? त्याने चिखल चिकटत नाही, धुणं सोपं जातं, चमकही मस्त. पण काट्यापुढे त्याचं काही चालत नाही. मेण तर दोन-चार धुण्यांत निघून जाईल. तुम्हाला रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म लागेल."

त्यांनी फिल्म लावलेला एक जुना पत्रा पुढे ओढला, त्यावर किल्ली घासली आणि वरून गरम पाणी ओतलं. बारीक रेघा हळूहळू विरून गेल्या.

"आणि काटा खोल गेला तर?"

"तर फिल्म फाटेल. तेवढा तुकडा बदलायचा. खालचा रंग शाबूत."

शेजारीच सिरॅमिक केलेली एक काळी गाडी होती, तिच्यात त्यांना स्वतःची मिशीसुद्धा दिसत होती. मन तिकडेच ओढ घेत होतं. मग त्यांना सासूबाईंचा फुटलेला गुडघा आठवला.

"बाजूची दारं, मडगार्ड आणि बोनेट फिल्मने झाका," ते म्हणाले. "आणि खालून दगड लागतात, तिथे रबराचा कोट मारा. ते चमकीचं राहू द्या आता."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जीप डांबरी सोडून वाटेला लागली. पहिली फांदी दारावरून करकरत गेली तेव्हा नानांनी डोळे बारीक केले, जणू काटा त्यांच्याच पाठीवरून फिरला होता. दुसरी, तिसरी. समोरून कडब्याची बैलगाडी आली, तेव्हा नानांनी जीप सरळ झुडपात घातली आणि तिला वाट दिली. जमनाबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या.

जीप सुकलालच्या अंगणात जाऊन थांबली. धनाबाईंना एक पाऊलही चालावं लागलं नाही. उतरल्याबरोबर नानांनी दारावर हात फिरवला. रेघा होत्या, पण फिल्मवरच. गाडी उन्हात तापली तशा बऱ्याचशा पुसट झाल्या. छातीवरचा दगड उतरल्यासारखे नाना ओट्यावर टेकले आणि सलग दोन कप चहा प्यायले.

धुळ्याला ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली, काळा चष्मा दिला. धनाबाई लेकीचा हात धरून दवाखान्याबाहेर आल्या आणि जीपच्या मागे थबकल्या.

"जवाईबापू, हाई रेघ कसानी शे?"

पाठीमागच्या दारावर, जिथे फिल्म नव्हती, तिथे काट्याने थेट रंग ओरबाडला होता. तो ओरखडा नानांच्या नजरेतून सुटला होता. त्यांनी वाकून पाहिलं, मग सासूबाईंकडे पाहिलं.

"माय, तुले दिसनी ती?" आईला रेघ दिसली म्हणून जमनाबाईंनी तिचा हात आणखी घट्ट धरला.

"दिसनी म्हंजे? चांगली बोटभर शे."

नाना इतके मोकळे हसले की रिक्षावाले वळून पाहू लागले. जमनाबाई एकीकडे हसत होत्या, एकीकडे पदराने डोळे टिपत होत्या. नानांनी पुढचं दार उघडलं आणि सासूबाईंना खिडकीजवळ बसवलं.

"आता घरापर्यंत एकूणएक झाड, बठ्ठं बघत चला," ते म्हणाले आणि त्यांनी गाडी सुरू केली.