वीतभर उघडं शटर

कमळाकाका चहाच्या कपावर बशी उपडी घालायचे आणि चहा विसरून जायचे. हात आधी पँटला पुसायचे, मग फडक्याला. पाना काखेत धरायचे. माणसांपेक्षा गाड्यांशी जास्त बोलायचे. अलीकडे एक नवी सवय लागली होती. नट हातात आला की तो डोळ्यांसमोर धरत नसत, अंगठ्याने चाचपत.

कमळाकाकांचं गॅरेज उल्हासनगरात, फर्निचर बाजाराच्या मागच्या गल्लीत. वरच्या खोलीत मी मराठीच्या शिकवण्या घेतो. एम.ए. होऊन नोकरी नाही, म्हणून ते मला मास्तर म्हणायचे. शिकवणी सुटली की मी खाली जाऊन बसायचो.

जुन्या गाडीचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बघायला एक दिवा लागतो. तो इंजिनातल्या ठिणगीबरोबर लुकलुकतो. त्या उजेडात फिरणारी पुली थांबल्यासारखी दिसते आणि तिच्यावरची बारीक खूण वाचता येते. खूण चुकली असेल तर ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवायचा. जमली की त्याचा नट आवळायचा. खूण दिसायला अंधार हवा. म्हणून काका इंजिन चालू ठेवून शटर खाली ओढायचे. मागची खिडकी शेजारची इमारत झाली तेव्हाच बुजली होती. धूर बाहेर जायला शटरखालची फट तेवढी होती.

मी आलो तेव्हा शटर कमरेपर्यंत यायचं. दिवाळीनंतर गुडघ्यापर्यंत. उन्हाळा लागला तेव्हा वीतभर फट उरली होती. गॅरेज तेच होतं. काकांना कमी दिसू लागलं होतं, खुणेसाठी अंधार जास्त लागत होता.

शेजारी सिंधी होतचंदचं स्पेअर पार्टचं दुकान. एकदा तो फटीपाशी वाकून ओरडला, "कमळा, साईं, अंदर अगरबत्ती लगाके बैठा है क्या? बाहेर ये, मरशील!"

"तुजा माल लावून लोक मरतात. मी नाय," आतून आवाज आला.

थोड्या वेळाने काका बाहेर आले ते कपाळ धरून. डोळे लाल.

"काय झालं?" मी विचारलं.

"ऊन लागलं."

"शटरच्या आत?"

ते नळाखाली डोकं धरून उभे राहिले.

बदलापूरला मांजर्लीत त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. काशीकाकू वाढताना म्हणाल्या, "दोनी डोल्यांत मोतीबिंदू हाय. डाक्टरनं दोनदा तारीख दिली. हे गेलंच नाय. तू सांग यांना."

"डोल्याला पट्टी बांधून बसलो का फियाट कोन देईल मना?" काका म्हणाले. "बोलतील, कमळ्या आंधला झाला."

"आता काय दिसतंय तुमाला?"

"तू दिसतेस. पुरं झालं."

काकू हसल्या. मला हसू आलं नाही.

मग यशोधराबाईंची फियाट आली. बाई अंबरनाथ पूर्वेला राहतात, निवृत्त मुख्याध्यापिका. गाडी दुसऱ्या गिअरला करकरायची. काकांनी गिअरबॉक्स उतरवला, बाकावर ठेवला आणि डोळे मिटून आत बोटं फिरवली. "दात शाबूत हायेत. रिंग झिजलीय." होतचंदकडून नवी रिंग आली. गिअरबॉक्स परत चढला. शहाडच्या पुलापर्यंत आम्ही गाडी फिरवून आणली. दुसरा गिअर मुकाट पडला. काका पोरासारखे हसले.

"आता टायमिंग लावलं का गाडी बाईंची. मग डोला," ते म्हणाले.

"शपथ?"

"शपथा पोरांकडून घे, मास्तर."

"मग टायमिंग संध्याकाळी बाहेर लावा. शटर ओढू नका."

"बाई चारला येनार."

"मग खूण मी बघतो. तुम्ही फक्त फिरवा."

"तू पुस्तकातल्या खुना बघ." मग हळूच म्हणाले, "उजेडात मना दिसत नाय रे." हे त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं.

"फट तरी ठेवा," मी म्हणालो.

"ठेवतो."

मी वर शिकवायला गेलो. खाली इंजिन चालू झालं. शटर घरंगळल्याचा आवाज आला.

दुपारी समोरच्या फर्निचरवाल्याने आरशांची कपाटं बाहेर मांडली. ऊन त्या आरशांवरून थेट गॅरेजच्या पायरीवर पडलं. ते मी नंतर पाहिलं. फटीतून तेवढा उजेड आत जात असणार. वर मी ऐकलं ते एवढंच की शटर पुन्हा सरकलं आणि फरशीला टेकलं.

मी हातातला खडू ठेवला आणि जिना उतरलो. शटर वर सरकू नये म्हणून आतून कडी लावलेली होती. मी हाका मारल्या. होतचंद धावत आला. कडी तोडायला सब्बल लागली. वेळ गेला. आत इंजिन एकाच सुरात चाललं होतं. कोणी ते वाढवत नव्हतं, कमी करत नव्हतं.

शटर वर गेलं तेव्हा धूर आमच्या अंगावर आला. काका चाकाला टेकून बसले होते. चेहरा लालसर, निरोगी माणसासारखा. होतचंद त्यांना उचलून बाहेर नेत होता आणि "साईं, साईं" म्हणत होता. मी इंजिन बंद करायला वाकलो. दिवा जमिनीवर पडून लुकलुकत होता. त्याच्या उजेडात पुलीवरची खूण उभी होती. नेमकी जागेवर.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, हा लालपणा धुरातल्या विषाचा, उशीर झाला, म्हणाले आणि काशीकाकूंना बोलवायला सांगितलं.

यशोधराबाईंनी गाडी अजून नेलेली नाही. डिस्ट्रिब्युटर काकांनी फिरवून ठेवला तिथेच आहे. पाना नटावर बसवलेला आहे. नट आवळायचा राहिला आहे.