फ्रिडोलिन त्सेंटनर आणि पाटीवरची वेळ

फ्रिडोलिन याकोब त्सेंटनर, जन्म ९ मार्च १९४१, मृत्यू फेब्रुवारी २०२१. आयुष्याची अडतीस वर्षे त्याने दरीतल्या कापड-छपाईच्या कारखान्यात रंग मोजून मिसळण्यात घालवली, आणि अठ्ठावीस वर्षे गावातल्या ज्येष्ठांच्या भटकंती मंडळाची सहल आखण्यात. दुसऱ्या कामाचा पगार नव्हता. पण पत्नी बाबेट गेल्यानंतर त्याला सकाळी उठवीत असे ते हेच दुसरे काम. जानेवारीत नकाशा टेबलावर पसरायचा, एप्रिलमध्ये बसचे नवे वेळापत्रक मागवायचे, ऑगस्टच्या अखेरीस वाट स्वतः चालून पाहायची आणि सप्टेंबरमध्ये मंडळींना न्यायचे, असा त्याचा वर्षक्रम होता.

२०१९ साली त्याने डोंगरावरचे राखीव रान निवडले. तारेवरून चालणाऱ्या पाळण्याने वर तळ्यापाशी जायचे, खिंड ओलांडायची आणि पलीकडच्या दरीत उतरून टपालखाते चालवते ती तीन चाळीसची पिवळी बस धरायची. ती दिवसातली शेवटची. तळ्याकाठच्या पिवळ्या पाटीवर बसथांब्यापर्यंतची वेळ लिहिलेली होती : तीन तास वीस मिनिटे. आमच्याकडे पाट्यांवर अंतर लिहीत नाहीत, वेळ लिहितात. आणि त्या वेळेत विसावा धरलेला नसतो, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. साडेदहाला निघणे, एक तास जेवणाचा, दोन पन्नासला थांब्यावर. पन्नास मिनिटे हाताशी उरत होती. फ्रिडोलिनने कागदावर हे मांडले तेव्हा त्यात खोट काढण्याजोगे काही नव्हते.

वाट आधी पाहून येण्याबाबत मंडळात एक नियम होता. पुढारी आणि आणखी एक सभासद अशा दोघांनी जायचे, आणि ज्या पुढाऱ्याला पाटीवरच्या वेळेत वाट पुरी करता येणार नाही, त्याने त्या वर्षी मंडळींना न्यायचे नाही. हा नियम १९९१ साली फ्रिडोलिननेच लिहिला होता. तेव्हाचे पुढारी योस्ट त्सोफी चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि फार हळू चालत; फ्रिडोलिन पन्नाशीचा होता आणि भराभर चालत असे. त्सोफींनी नियम वाचला, मान डोलावली आणि ते सभेतून लवकर घरी गेले.

एकोणतीस ऑगस्टला फ्रिडोलिनबरोबर रेगुला ब्लूमर होती. बासष्ट वर्षांची, निवृत्त टपालवाली. सारी दरी तिने पायांखाली घातलेली. खिंडीच्या अलीकडच्या पाटीपाशी तो थांबला आणि त्याने घड्याळ पाहिले.

"त्या घड्याळाकडे किती वेळा बघशील?" रेगुला म्हणाली. "तुझ्यासाठी ते थांबणार आहे का?"

"इथवर पंचावन्न मिनिटं लिहिलीत. आपल्याला सव्वा तास लागला."

"पाटीचे गुडघे दुखत नाहीत, फ्रिडली. बस जरा. अंडं खा."

"जेवण खिंडीत आहे. साडेबाराला."

"मग उपाशी चाल. मी खाते."

ती खरोखरच उभ्याउभ्या उकडलेले अंडे सोलून खाऊ लागली. त्याला बसावेसे वाटत होते. पण बसलो तर उठताना तिचा हात धरावा लागेल, एवढ्यासाठी तो काठीवर भार टाकून उभा राहिला. वरच्या खडकांतून खारींच्या जातीच्या त्या लठ्ठ मार्मोटांची शीळ आली. एरवी त्याने वहीत वेळ आणि जागा टिपली असती. त्या दिवशी वही पिशवीतच राहिली.

चढण कशीबशी सरली, उतरण सरेना. प्रत्येक पायरीला आधी डावा पाय, मग त्याच पायरीवर उजवा. रेगुला पुढे जाई, थांबे, बुटाची नाडी बांधण्याचे निमित्त करी. चौथ्यांदा नाडी बांधताना पाहून तो म्हणाला, "नवे बूट घे. नाड्या फारच सुटतात तुझ्या."

"बूट चांगले आहेत. माणूस बरोबर घेतला तो चुकला," ती म्हणाली, आणि दोघेही थोडे हसले.

ते थांब्यावर पोहोचले तेव्हा चार वाजून दहा मिनिटे झाली होती. जेवणाचा तास वजा केला तरी चार तास चाळीस मिनिटे. बस गेलेली. वरच्या कुरणावरून चीज खाली नेणाऱ्या एका गवळ्याने त्यांना जीपमध्ये मागे, चीजच्या चकत्यांशेजारी बसवून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेगुला त्याच्या स्वयंपाकघरात आली. सोमवारी दूधसंघाच्या सूचनांच्या काचपेटीत सहलीचा कागद लागायला हवा होता. एकत्र जमण्याची जागा, बूट कसे हवेत, शिदोरी, हवामान संशयास्पद असल्यास सकाळी सहा ते सातच्या दरम्यान कोणाला फोन करावा, हे सगळे टंकून झाले होते. चालण्याची वेळ आणि पुढारी, ही दोन घरे कोरी होती.

"तीन वीस लिही," रेगुला म्हणाली. "पाटीवर तेच आहे. खोटं कुठे आहे त्यात?"

"आणि पुढारी?"

"तू. मी मागे तुझ्याबरोबर चालेन. बाकीचे जातील पुढे."

"पुढारी मागे, आणि अकरा माणसं थांब्यावर वाट बघत. चालक थांबेल?"

"नाही थांबणार."

"मग ती जातील कशी घरी? चीजवर बसून?"

रेगुला म्हणाली, "वाट छोटी कर. तळ्याला फेरी मारायची, पाळण्याने परत यायचं. कोण विचारतंय?"

हा विचार त्यानेही पहाटे केला होता. वाट छोटी केली असती तर पुढारीपण राहिले असते आणि जानेवारीत नकाशाही पसरता आला असता. पण खिंडीसाठी लोकांनी वर्षभर वाट पाहिली होती. आपल्या गुडघ्यांसाठी त्यांची खिंड कापायची, हे त्याला जमेना. शिवाय तो फार थकला होता. आदल्या दिवसाचा शीण होताच. त्याहून जुना असा एक शीण होता, जो झोपेने जात नव्हता.

"गेली तीन वर्षं मी वेळेत पोहोचत नाही," तो म्हणाला. "बरोबर आलेल्यांनी कधी सांगितलं नाही. मीही नाही."

"ठाऊक आहे," रेगुला म्हणाली. "दोनदा मीच होते."

त्याने यंत्रात कागद नीट सरळ केला. पहिल्या घरात तीन तास वीस मिनिटे, दुसऱ्यात रेगुला ब्लूमर. तिने वाचले आणि विचारले, "मला विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. कॉफी घेतेस का?"

बारा सप्टेंबरला सहल ठरल्याप्रमाणे झाली. अकराही जणांना तीन चाळीसची बस मिळाली. फ्रिडोलिन गेला नाही. सकाळी सहा ते सात फोनजवळ बसला, आणि हवा स्वच्छ असल्याने फोन कोणाचाच आला नाही. मंडळाचे पुढारीपण रेगुलाकडे कायम झाले. नकाशांची पेटी त्याने तिच्याकडे पोहोचवली, दुमडलेल्या कडांना आतून चिकटपट्टी लावून. सत्तरीपुढच्यांसाठी नियमात सवलत घालावी, आणि मसुदा ज्याने नियम लिहिला त्यानेच करावा, असे सभेने त्याला दोनदा सांगितले. "करतो, जरा दम येऊ दे," असे तो दोन्ही वेळा म्हणाला. तो मसुदा त्याच्या कागदांत सापडला नाही. नियम आजही जसाच्या तसा आहे.